मोरोविंड आणि स्कायरिम: वाट विचारून जायचं की बाणामागून

दोन्ही 'एल्डर स्क्रोल्स' या व्हिडिओ गेम मालिकेतले, दोन्ही बेथेस्डा कंपनीचे, संगीतही दोन्हींना जेरेमी सोलचंच. त्यामुळे स्कायरिम (२०११) खेळलेल्यांना वाटतं, मोरोविंड (२००२) म्हणजे त्याचीच जुन्या ग्राफिक्सची आवृत्ती. तसं नाही. मोठं, मोकळं जग दोघांतही आहे, पण त्या जगात तुम्ही चालता कसे, इथेच दोघं वेगळे होतात.

मोरोविंडमध्ये क्वेस्ट मार्कर, म्हणजे कामाची जागा दाखवणारा बाण, नाही. सुरुवातीलाच बाल्मोरा गावात एक जण तुम्हाला आर्कन्थांड नावाच्या पडक्या वास्तूतून एक पेटी आणायला सांगतो. वाट तोंडी. गावाबाहेर पड, नदी ओलांड, मूनमॉथचा किल्ला मागे टाक, जुना पूल लागेल, पलीकडे वर चढ. आपल्याकडे खेड्यात पत्ता विचारला की सांगतात ना, अगदी तसंच. जर्नल, म्हणजे खेळातली नोंदवही, काढून ते पुन्हा वाचायचं आणि निघायचं. मी पोहोचलो तेव्हा दार उघडेना. जवळच्या पाइपवरची कळ फिरवल्यावर ते उघडतं, हे कळेपर्यंत अंधार पडला होता. ती टेकडी मला आजही डोळे मिटून दिसते.

स्कायरिममध्ये तेच काम आलं असतं तर वरच्या होकायंत्रावर बाण दिसला असता. 'मग मार्कर बंद करून खेळ,' असं बरेच जण सुचवतात. मी करून पाहिलंय. बऱ्याच क्वेस्टमध्ये अडतं, कारण पात्रांच्या बोलण्यात वाटच नसते. बाण आहेच म्हटल्यावर वाट सांगणारी वाक्यं कुणी लिहायची? मोरोविंडमधला माणूस त्याच्या मुलखाची माहिती देतो. स्कायरिममधला काम सांगून मोकळा होतो.

प्रवासाचंही तसंच. स्कायरिममध्ये एकदा पाहिलेल्या ठिकाणी मॅपवर क्लिक करून पोहोचता येतं. मोरोविंडमध्ये सिल्ट स्ट्रायडर नावाच्या अजस्र किड्याच्या पोखरलेल्या पाठीवर बसायचं, पण तो ठरलेल्या गावांनाच जातो. पुढे होडी, नाहीतर मेजेस गिल्ड या जादूगारांच्या संघातली, मंत्रानं दुसऱ्या गावी पोहोचवणारी जादूगारीण. कुठून काय मिळतं हे आपोआप पाठ होतं, एसटीचे फाटे पाठ होतात तसं. शिवाय लेव्हिटेशनचा मंत्र आहे. डोंगर आडवा आला तर वरून तरंगत जा. स्कायरिममध्ये तो मंत्रच नाही.

आणखी एक फरक मला फार मोलाचा वाटतो. मोरोविंडमध्ये मुख्य कथेतलं माणूसही मरू शकतं. तुम्ही त्याला मारलंत, तर भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघडा किंवा याच अभागी जगात राहा, असा संदेश येतो. स्कायरिममधली अशी महत्त्वाची माणसं गुडघ्यावर बसतात आणि थोड्या वेळानं उठतात.

लढाईत मात्र स्कायरिम सरस, यात वाद नाही. मोरोविंडमध्ये तलवार अंगाला लागलेली दिसते, पण कौशल्य कमी असेल तर आकडेमोडीत वार फुकट जातो. सुरुवातीचे काही तास त्यानं जीव नकोसा होतो. आणि स्कायरिमचा नजारा! रिव्हरवुड गावाच्या वाटेवरून डोंगरावर ब्लीक फॉल्स बॅरो या प्राचीन थडग्याच्या कमानी दिसतात आणि काम विसरून पाय तिकडे वळतात. ती ओढ मोरोविंडच्या धुक्यात नाही, तिथे दोन टेकड्यांपलीकडचं दिसतच नाही.

म्हणून संध्याकाळी दोन तास मोकळे असतील तर स्कायरिम घ्या. वही-पेन घेऊन महिनाभर एका बेटावर राहायची तयारी असेल तर मोरोविंड.

दोन्ही खेळणार असाल तर मोरोविंड आधी खेळा. स्कायरिमची कथा सुमारे दोनशे वर्षांनंतरची आहे. मधल्या काळात रेड माउंटन या ज्वालामुखीचा स्फोट होऊन, मोरोविंड जिथे घडतो ते व्हार्डनफेल बेट उद्ध्वस्त झालंय. स्कायरिमच्या 'ड्रॅगनबॉर्न' या जोडभागात सोल्स्थाइम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, रेव्हन रॉक गावाच्या धक्क्यावर उतरा. समुद्रापलीकडे तो डोंगर धुमसताना दिसतो, पायाखाली त्याचीच राख असते. मी तिथे बराच वेळ उभा होतो, बाल्मोरा कुठल्या बाजूला असेल याचा अंदाज घेत.