लिमलेटच्या गोळीतलं गवत

मंडईजवळच्या फुटपाथवर एक जण तपकिरी वाळके गोळे विकत होता. "संजीवनी बुटी, साहेब. पाण्यात टाका, जिवंत होते." मी आणून वाटीत टाकला. तासाभरात उलगडला, चौथ्या दिवशी वास मारायला लागला. ही बुटी म्हणजे सेलॅजिनेला नावाची वनस्पती, आणि तिच्या मेलेल्या फांद्याही भिजल्या की उलगडतात. पावसाळ्यात दार फुगतं तसंच ते.

पण वाळून खरोखर पुन्हा जगणाऱ्या वनस्पती आहेत. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा ६२ जाती नोंदवल्या. कातळावरचं ट्रायपोगॉन हे बारीक गवत त्यातलंच.

दुष्काळाचा राजा म्हणून आपण निवडुंगाचं नाव घेतो. पण तो वाळतच नाही. पर्णरंध्रं दिवसा मिटतो, रात्री उघडतो. हौद भरून बसलेला सावध गृहस्थ. हौद आटला की संपला. हे गवत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी गमावून कुरकुरीत होतं आणि तरी मरत नाही.

एरवी पाणी गेल्यावर मरतं काय? पेशीतली प्रथिनं आणि पटलं, म्हणजे पेशीचे पातळ पापुद्रे, पाण्यामुळे सुटी राहतात. पाणी गेलं की ती चिकटतात. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक परत पातळ होतो का? गवत म्हणून वाळता वाळता पेशीत सुक्रोज, म्हणजे आपली साखरच, भरून घेतं. साखरेचे हायड्रॉक्सिल गट, म्हणजे तिच्या रेणूतल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, पाण्याच्या जागी बसून हायड्रोजन बंधांच्या हलक्या ओढीनं पटलं धरून ठेवतात. या पाकाची खडीसाखर झाली असती तर सगळंच फसलं असतं. होते मात्र लिमलेटची गोळी! खडीसाखरेत रेणू कवायतीसारखे ओळीत, लिमलेटमध्ये गर्दीत जिथल्या तिथे थिजलेले. भौतिकशास्त्रात अशा अवस्थेला काचच म्हणतात. त्या काचेत रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. सोबतीला असतात 'एलईए' प्रथिनं, म्हणजे बी तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यात भरपूर बनणारी. ती पहिल्यांदा सापडली कापसाच्या सरकीत, कारण पक्व होताना प्रत्येक वाळकं बी हेच करतं. पोत्यातली ज्वारी पेरेपर्यंत जिवंत राहते ती याच जोरावर. या गवतानं बियांचा कारभार पानात आणला, एवढंच.

'ही जनुकं गव्हात घातली की दुष्काळ मिटला' असल्या बातम्यांवर मात्र माझा विश्वास नाही. थिजलेलं पान जगतं, पण दाणा भरत नाही.

कातळावर माती जेमतेम बोटभर. भर पावसाळ्यातही चार दिवस उघडीप पडली की दगड तापतो, गवत वाळतं. सर आली की पुन्हा हिरवं.