नाव पाटील, गाव कोल्हापूर, देणगी एकवीस हजार

शाहूपुरीतल्या एखाद्या गूळ व्यापाऱ्याने राजकीय पक्षाला २१,००० रुपयांचा चेक दिला, तर त्याचं नाव, पत्ता आणि रक्कम पक्षाने निवडणूक आयोगाला द्यायच्या फॉर्म २४ए मध्ये लिहावी लागते. त्याच व्यापाऱ्याने १९,००० दिले, तर त्याचं नाव तिथे येण्याची सक्ती नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००३ साली आलेल्या कलम २९सी ने ही २०,००० ची रेघ मारली. या रेघेमुळे आपल्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हा कायद्याइतकाच संख्याशास्त्राचाही प्रश्न आहे. मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण या पैशावर कर माफ आहे.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात १९७८ च्या दुरुस्तीने कलम १३ए आलं. नोंदणीकृत पक्षाला मिळालेल्या देणग्या, घरभाडं, व्याज, भांडवली नफा यांवर कर नाही. बदल्यात हिशोबाच्या वह्या ठेवायच्या, सीएकडून तपासून घ्यायच्या, विवरणपत्र मुदतीत भरायचं, वीस हजारांवरच्या देणगीदारांची नोंद ठेवायची. २०१७ पासून दोन हजारांवरची देणगी रोखीने घ्यायची नाही, ही अटही त्यात आली. अट मोडली तर सूट जाते. शिरोली एमआयडीसीतला फाउंड्रीवाला नफ्यावर कर भरतो, पगारदार माणसाचा तर हातात पैसे येण्याआधीच कापला जातो. तो कर एका वर्गाला माफ करायचा असेल, तर पैसा कुठून आला हे विचारण्याचा हक्क बाकीच्यांना आपोआप मिळतो, असं मी मानतो.

अमेरिकेत हा सौदा दोन हप्त्यांत झाला. तिथल्या करसंहितेत राजकीय संघटनांसाठी कलम ५२७ आलं १९७५ मध्ये, पण त्याच्या आधाराने चालणाऱ्या अनेक संघटनांना देणगीदार जाहीर करायला लागले जुलै २००० च्या कायद्यानंतर. आता अशी संघटना स्थापन झाली की सर्वसाधारणपणे २४ तासांत फॉर्म ८८७१ भरायचा, आणि पुढे ठरावीक काळाने फॉर्म ८८७२. त्यात वर्षभरात २०० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी कुठे, हे सगळं येतं. वर्षात ५०० डॉलर किंवा त्यावर ज्याला दिले, तोही खर्चाच्या यादीत येतो. तिथल्या निवडणूक आयोगाकडे किंवा राज्याकडे आधीच हिशोब देणाऱ्या बऱ्याच समित्यांना यातून वगळलं आहे. जी रक्कम जाहीर करायची राहिली, तिच्यावर कंपन्यांच्या सर्वोच्च दराने, म्हणजे सध्या २१ टक्क्यांनी, कर लागतो.

यातला ‘वर्षभरात’ हा शब्द कळीचा आहे. तिथे एका माणसाच्या वर्षभरातल्या सगळ्या देणग्यांची बेरीज होते. आपल्या कलम १३ए ची भाषा ‘अशी प्रत्येक देणगी’ अशी आहे. एक लाखाच्या सहा पावत्या फाडल्या, तर एकही वीस हजारांवर जात नाही.

रेघ मारली की माणसं तिच्या अलीकडे थांबतात. करांचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ हे नेमकं मोजतात. लोक मोकळेपणाने पैसे देतात तेव्हा रकमांचा आलेख साधारण उतरत जातो: लहान देणग्या पुष्कळ, मोठ्या थोड्या. मध्ये मध्ये उंचवटे येतात, कारण माणसं गोल आकडे देतात. आपल्याकडे तर तालमीच्या गणपतीची वर्गणीसुद्धा ५०१, १००१, ५००१ अशी असते, त्यामुळे उंचवटे तिथे येणं साहजिक. पण १९,५०० किंवा १९,९०० पाशी गर्दी दिसली, तर ती श्रद्धेने आलेली नसते. ती रेघेने आणलेली असते. या गर्दीच्या उंचीवरून किती रकमा मुद्दाम रेघेखाली आणल्या, याचा अंदाज काढता येतो.

आणि इथेच अडतं. रेघेखालच्या नोंदी जाहीरच होत नाहीत. म्हणजे रेघेचा गैरवापर होतो का, हे ज्या माहितीवरून कळेल, तीच रेघेखाली झाकलेली राहते. बहुजन समाज पक्षाने वर्षानुवर्षं वीस हजारांवरची एकही देणगी मिळाली नाही असं कळवलं. ते खरं असू शकतं, लहान देणगीदारांवर चालणारा पक्ष असू शकतो. पण तपासायचं झालं तर बाहेरच्या माणसाच्या हातात काहीच नाही.

आता रेघेवरच्या यादीकडे येऊ. ती वाचणं सोपं वाटतं, पण कोल्हापुरात बसून वाचा. एका वर्षी ‘आर. बी. पाटील, राजारामपुरी’, पुढच्या वर्षी ‘पाटील रामचंद्र बी., ७ वी गल्ली’, दुसऱ्याच पक्षाच्या यादीत नुसतं ‘रामचंद्र पाटील, कोल्हापूर’. माणूस एक की तीन?

हा प्रश्न इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर या कॅनडातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये गणितात बसवला. त्यांच्या मांडणीचं सार असं की जुळणीचं वजन विरळपणावर ठरतं. समजा, यादीत दर आठ जणांत एक पाटील आहे. मग एक नोंद पाटलांची असेल, तर भलत्याच माणसाची दुसरी नोंदही निव्वळ योगायोगाने पाटील निघण्याची शक्यता आठात एक. शंका तीनदा निम्मी झाली, म्हणजे संगणकाच्या भाषेत तीन बिट मिळाले. आडनाव १,०२४ जणांत एकाचं असेल, तर त्याच जुळणीचे दहा बिट मिळतात. गल्ली जुळली, व्यवसाय जुळला की वजनं बेरजेत पडत जातात आणि एका पातळीवर ‘माणूस तोच’ म्हणता येतं. अमेरिकेच्या फॉर्ममधले व्यवसाय आणि नोकरीचे रकाने इथे कामाला येतात. पाटील, कांबळे, जाधव अशा भरघोस आडनावांच्या जिल्ह्यात अशा जादा रकान्यांची गरज जास्तच.

एका रकान्याने काय फरक पडतो, हे देशाने मार्च २०२४ मध्ये पाहिलं. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारीला निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले. १४ मार्चला आयोगाने दोन याद्या प्रसिद्ध केल्या: रोखे कोणी घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले. मधला दुवा नव्हता. एक कोटीचे १० रोखे विकले गेले आणि दोन पक्षांनी पाच-पाच वटवले, एवढंच कळलं तर कोणाचे कोणाकडे गेले याच्या २५२ शक्यता होतात. रोखे हजारोंच्या घरात होते. प्रत्येक रोख्यावर, फक्त अतिनील प्रकाशात दिसणारा, अक्षरं आणि आकडे मिळून बनलेला एक क्रमांक होता. न्यायालयाच्या आदेशाने स्टेट बँकेने २१ मार्चला तो दिला आणि २५२ ची एक झाली. पत्रकारांनी आणि अभ्यासकांनी जोड्या लावायला त्याच दिवशी सुरुवात केली.

प्राप्तिकर खात्याकडे असा दुवा असतो. पक्षाला देणगी दिल्याची कलम ८०जीजीसी खाली वजावट घ्यायची, आणि कमिशन कापून रोख परत घ्यायची, या धंद्यावर जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर छापे घातले. २०२४-२५ या कर निर्धारण वर्षापासून विवरणपत्रात देणगीची तारीख, व्यवहार क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड मागितला जातो. सीएकडे कागद घेऊन जाणाऱ्या पगारदारांनी हा रकाना पाहिला असेल. खातं दोन्ही बाजू जुळवू शकतं. मतदार जुळवू शकत नाही.

मतदारालाही जुळवता यावं म्हणून देणगीदाराचा पॅन सगळ्यांसाठी छापा, असं मी म्हणणार नाही, त्यातून फसवणुकीला वाट मिळते. पॅनपासून संगणकाने, एका सूत्राने, एक वेगळा क्रमांक बनवता येतो, जो उलटा फिरवून पॅन काढणं अवघड असतं. मात्र पॅनची रचना ठरलेली आहे: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर व्यक्ती की कंपनी ते सांगतं, व्यक्तीच्या बाबतीत पाचवं आडनावाचं. एकूण शक्यता ३ लाख कोटींच्या आसपास, प्रत्यक्षात कमीच, आणि आजचं यंत्र त्या सगळ्या तपासून पाहू शकतं. म्हणून त्या सूत्रात एक गुप्त किल्ली मिसळावी लागेल आणि ती आयोगाकडेच ठेवावी लागेल. मग राजारामपुरीच्या त्या पाटलांना दरवर्षी, प्रत्येक पक्षाच्या यादीत तोच क्रमांक मिळेल. फॉर्म २४ए मध्ये पॅनचा रकाना आहेच. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना वाढवायचा, आणि यादी स्कॅन केलेल्या कागदाऐवजी संगणकाला वाचता येईल अशा तक्त्यात द्यायची.