खडा किडनीत की पित्ताशयात? दुखण्यावरून काय कळतं, काय नाही

रात्री दीड-दोनला उजव्या बाजूला बरगडीखाली भयंकर दुखायला लागतं आणि घरात लगेच तीन मतं तयार होतात. एकजण म्हणतो गॅस आहे, ओवा दे. दुसरा म्हणतो ॲसिडिटी, इनो घे. तिसऱ्याला स्वतःला कधीतरी मुतखडा झालेला असतो त्यामुळे तो ठामपणे सांगतो की हा स्टोनच, तांब्याभर पाणी पी, पडून जाईल. तिसऱ्याचं कधीकधी बरोबरही असतं, पण स्टोन कुठला हे कोणी विचारत नाही. खडे मूत्रमार्गात होतात तसे पित्ताशयातही होतात, दोन्हीत उजवीकडे दुखू शकतं, दोन्हीत उलट्या, दोन्हीत घाम, आणि पाणी पिऊन पडून जाण्याची शक्यता फक्त पहिल्या प्रकारात असते.

दुखणं डाव्या कुशीत असेल तर प्रश्न बराच सोपा होतो, कारण पित्ताशय एकच आणि ते उजवीकडे, यकृताच्या खाली चिकटलेलं. गोंधळ सगळा उजवीकडचा. तिथे नुसतं "कुठे दुखतंय" विचारून भागत नाही. दुखणं सुरू कसं झालं, कुठून कुठे सरकलं आणि माणूस त्या वेळी करतोय काय, हे बघावं लागतं.

मुतखड्याचा पेशंट एका जागी थांबतच नाही. झोपतो, उठतो, फेऱ्या मारतो, पलंगाची कड धरून ओणवा होतो, जमिनीवर लोळतो, कशानेच बरं वाटत नाही. कॅज्युअल्टीत वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टर दारातूनच ओळखतात. पित्ताशयाला सूज आलेली असेल तर चित्र उलटं, माणूस अंग चोरून पडून राहतो, खोल श्वास घ्यायलाही नको म्हणतो कारण श्वासाबरोबर यकृत खाली सरकतं आणि सुजलेल्या पित्ताशयाला धक्का बसतो. मात्र सूज नसताना नुसता खडा अडकला असेल तर तोही पेशंट चुळबुळ करतो, त्यामुळे एवढ्या एका गोष्टीवर निकाल लावू नका.

मुतखडा किडनीत नुसता बसून असेल तर बऱ्याचदा काहीच दुखत नाही, वर्षानुवर्षं कळतही नाही. त्रास सुरू होतो तो खडा खाली मूत्रवाहिनीत, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, उतरला की. ही नळी साधारण 25 ते 30 सेंटीमीटर लांब आणि आतून जेमतेम 3-4 मिलीमीटर रुंद. खडा अडकला की वरची लघवी तुंबते, किडनी फुगते, तिच्यावरचं आवरण ताणलं जातं, वर नळी खड्याला पुढे ढकलायला जोरात आवळते. म्हणून दुखणं लाटेसारखं येतं, एकदम टोकाला जातं, जरा ओसरतं, परत येतं. या सगळ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती किडनीकडचा रक्तपुरवठा आणि लघवी दोन्ही वाढवतात, म्हणजे तुंबारा आणखी वाढतो. डायक्लोफेनॅकसारखं औषध यात इतकं चांगलं काम करतं ते याचमुळे, कारण ते ही रसायनं तयार होणंच थांबवतं. (किडनी आधीच कमजोर असेल, अल्सर असेल किंवा बाई गरोदर असेल तर मात्र हे औषध मनाने घ्यायचं नाही.)

आणि हे दुखणं प्रवास करतं. सुरुवात पाठीत, शेवटच्या बरगडीखाली, मग कुशीतून पुढे, मग जांघेत, पुरुषांमध्ये वृषणापर्यंत आणि बायकांमध्ये योनीच्या बाजूपर्यंत. वृषणात काही झालंय म्हणून घाबरून आलेल्या माणसाला खडा निघतो, हे डॉक्टरांना नवीन नाही. कारण असं की गर्भात वृषण किडनीच्या शेजारीच तयार होतात आणि नंतर खाली उतरतात, पण येताना नसा वरूनच घेऊन येतात. खडा अगदी खाली मूत्राशयाच्या तोंडाशी पोचला की सारखी लघवीला लागते, होते मात्र थेंबभर, जळजळही होते, आणि बरेचजण त्याला युरीन इन्फेक्शन समजून बसतात.

पित्ताशयाचं गणित जेवणाशी जोडलेलं. तेलकट-तुपकट अन्न आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हार्मोन सुटतं आणि ते पित्ताशयाला आवळायला सांगतं, कारण चरबी पचवायला पित्त लागतं. आत खडा असेल आणि तो बरोबर तोंडाशी येऊन बसला तर पित्ताशय बंद दारावर जोर लावत राहतं. म्हणून लग्नातलं जेवण, बटर चिकन, तळलेल्या पुऱ्या, आणि नंतर तासाभराने किंवा थेट मध्यरात्री पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं. लाटा अशा नसतात. हळूहळू चढतं, एका पातळीला जाऊन तिथेच ठाण मांडतं, अर्धा तास ते पाच-सहा तास, आणि खडा मागे सरकला की उतरतं. सकाळी माणूस ठणठणीत, आणि श्रेय मिळतं रात्री घेतलेल्या इनोला! असे सात-आठ ॲटॅक ॲसिडिटीच्या नावावर खपवलेले लोक भरपूर आहेत.

हे दुखणंही सरकतं पण वर, उजव्या खांद्याच्या पात्याकडे, कधी थेट खांद्यावर. खांद्याचं कोडं असं सुटतं की श्वासपटलाची (छाती आणि पोटाच्या मधल्या स्नायूच्या पडद्याची) नस मानेतून निघते आणि खांद्याच्या त्वचेकडच्या नसाही त्याच पातळीवरून येतात, त्यामुळे श्वासपटलाखालची सूज मेंदूला खांदा दुखल्यासारखी वाटते. तेव्हा ढोबळ नियम असा, दुखणं खाली जांघेकडे उतरत असेल तर संशय मुतखड्याचा आणि वर खांद्याकडे चढत असेल तर पित्ताशयाचा.

डॉक्टर यासाठी एक साधी टेस्ट करतात, उजव्या बरगडीखाली बोटं दाबून खोल श्वास घ्यायला सांगतात आणि श्वास मध्येच अडखळला तर पित्ताशयाला सूज असण्याची शक्यता वाढते. शिकागोचे सर्जन जॉन बेंजामिन मर्फी यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. घरी एकमेकांवर करून बघू नका.

लघवीचा रंग दोन्हीत बदलू शकतो आणि इथे लोक फसतात. मुतखड्यात खडा नळीला खरचटतो, लघवीत रक्त येतं, गुलाबी, लालसर किंवा गढूळ, कधी फक्त मायक्रोस्कोपखालीच दिसतं आणि काहीजणांत तेही नसतं. पित्ताशयातला खडा घसरून पित्तनलिकेत अडकला तर लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, पण सोबत डोळे पिवळे, अंगाला खाज, आणि शौचाचा रंग फिका मातकट. डोळे पिवळे दिसले तर दुखणं थांबलं तरी वाट बघायची नाही.

तपासणीतही दोघांचे स्वभाव वेगळे. पित्ताशयातला खडा सोनोग्राफीत झकास दिसतो पण साध्या एक्सरेत बहुतेक वेळा दिसत नाही. मुतखडे बरेचसे कॅल्शियमचे, त्यामुळे एक्सरेत अनेकदा दिसतात, पण नळीच्या मधल्या भागात अडकलेला खडा सोनोग्राफीतून निसटतो, म्हणून डॉक्टर डाय न देता सीटी स्कॅन सांगतात. तो पैसे काढायचा धंदा असतो असं नेहमी नाही.

खरी पंचाईत वेगळीच आहे. सोनोग्राफीत खडा दिसला म्हणजे दुखणं त्याचंच असं होत नाही. पित्ताशयात खडे असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. उद्या कोणाला कुशीतून जांघेत कळ आली आणि रिपोर्टमध्ये पित्ताशयातही खडे निघाले, तर ते काढून जांघेतली कळ थांबणार नाही. रिपोर्ट आणि दुखण्याची गोष्ट जुळते का, हे ऑपरेशनला हो म्हणण्याआधी सर्जनला सरळ विचारा.

विदर्भात आणि नंदुरबारच्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजारात रक्तपेशी लवकर फुटतात, त्यातून पित्तात बिलिरुबिन हे पिवळं रंगद्रव्य वाढतं आणि काळे खडे तयार होतात, अगदी लहान वयातही. सिकलसेलच्या क्रायसिसमध्येही (या आजारात अचानक येणाऱ्या दुखण्याच्या झटक्यात) पोट दुखतं, त्यामुळे अशा मुलाला पोटात दुखलं की "नेहमीचंच आहे" म्हणून सोडू नये.

मग लोक विचारतात, मुतखडा नुसता फोडतात किंवा काढतात, पित्ताशयात मात्र अख्खी पिशवीच का काढायची? कारण पिशवी ठेवली तर खडे बऱ्याचदा परत होतात, आणि पिशवीशिवाय माणूस नीट जगतो, पित्त यकृतातून सरळ आतड्यात येतं. 1882 साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुखने पहिल्यांदा पूर्ण पित्ताशय काढलं ते याच विचाराने. किडनीच्या बाबतीत असं कोण म्हणेल? तिथे 5 मिलीमीटरपेक्षा लहान खडा बऱ्याचदा आपोआप पडतो, मोठा असेल तर शॉकवेव्हने किंवा दुर्बिणीने फोडतात. ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू पिऊन पित्ताशयातले खडे "पाडून" दाखवणारे व्हिडिओ फिरतात, त्यातले हिरवे गोळे म्हणजे पोटात त्याच तेलाचे झालेले साबणासारखे गोळे असतात. आणि मुतखड्याची कळ चालू असताना लिटरलिटर पाणी ढोसूनही खडा लवकर पडत नाही, उलट तुंबलेल्या किडनीवर दाब वाढतो. पाणी रोज प्यायचं, कळ नसताना.

काही वेळा घरी बसून ओळखत बसायचंच नाही. मुतखड्याचं दुखणं आणि सोबत थंडी वाजून ताप म्हणजे तुंबलेल्या किडनीत पू होण्याची भीती, तिथे काही तासही महत्त्वाचे, आधी स्टेंट किंवा नळी टाकून लघवीला वाट करून देतात, खड्याचं नंतर बघतात. पित्ताशयाचं दुखणं सहा तासांच्या वर चाललं किंवा ताप आला तर पित्ताशयाला सूज असू शकते, आणि कळ पोटातून आरपार पाठीत जायला लागली आणि पुढे वाकल्यावरच बरं वाटतंय, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. पाळी चुकलेल्या बाईला खालच्या पोटात एका बाजूला दुखत असेल तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत आहे का ते आधी बघतात. साठीनंतर पहिल्यांदाच "मुतखडा" झाल्यासारखं वाटलं तर पोटातली महाधमनी फुगली नाही ना याची खात्री करतात. आणि पन्नाशीच्या, शुगर असलेल्या माणसाच्या पोटात वरच्या बाजूला दुखून घाम फुटला असेल तर डॉक्टर सोनोग्राफीच्या आधी ईसीजी काढतात, तेव्हा "पोट दुखतंय आणि छातीला वायरी कसल्या लावताय" म्हणून नातेवाइकांनी वाद घालू नये.