सीसी वाढली की वजन आणि किंमत किती वाढते?

स्पोर्ट बाईकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती सीसी?" पिस्टन, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा दट्ट्या, खालून वर जाताना जेवढी जागा व्यापतो, ती सगळ्या सिलिंडरची मिळून सीसी (घन सेंटिमीटर). पण एवढ्या एका आकड्यावर लाखांचा सौदा करू नये.

आधी वजन पाहू. यामाहा आर१५ ही १५५ सीसीची, साधारण १४२ किलो. कावासाकी झेडएक्स-१०आर ९९८ सीसीची, २०७ किलो. इंजिन जवळपास साडेसहा पट, वजन दीडपटही नाही. चाकं, टाकी, सीट, दिवे सगळ्यांनाच लागतात, आणि महागड्या बाईकची फ्रेम बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते. म्हणूनच स्टीलच्या फ्रेमची, ६८ पीएसची (पीएस म्हणजे ताकदीचं माप, जवळपास हॉर्सपॉवरएवढंच) निन्जा ६५० आणि १२० पीएसच्या वरची झेडएक्स-६आर यांच्या वजनात दोन-चार किलोंचाच फरक आहे. २०२४च्या सुरुवातीला किमतीत मात्र सुमारे चार लाखांचा फरक होता.

सीसी अगदी सारखी असली तरी हेच होतं. निन्जा ४०० आणि झेडएक्स-४आर, दोन्ही ३९९ सीसी. पहिलीत दोन सिलिंडर, ४५ पीएस, १६८ किलो. दुसरीत चार सिलिंडर, ७७ पीएस, सुमारे १८९ किलो. २०२३ मध्ये पहिली सव्वापाच लाखांच्या आसपास होती, दुसरी साडेआठच्या. खरी गंमत स्ट्रोकमध्ये आहे, म्हणजे पिस्टन वरपासून खालपर्यंत जेवढं अंतर कापतो त्यात. निन्जा ४०० मध्ये तो ५१.८ मिलिमीटर, झेडएक्स-४आरमध्ये ३९.१. अंतर कमी, म्हणून ती १४,५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इतक्या फेऱ्यांवर, पूर्ण ताकद देते, तरी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९ मीटरच्या आतच राहतो. निन्जा ४०० चा १०,००० आरपीएमला सुमारे १७ मीटर असतो. पिस्टनचा सरासरी वेग फारसा न वाढवता फेरे जवळपास दीडपट मिळवले आहेत. त्यासाठी आठऐवजी सोळा व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा), दोनऐवजी चार स्पार्क प्लग आणि जास्त बारकाईचं काम लागतं. वाढलेले किलो आणि रुपये बरेचसे इथेच गेले. व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे या झडपांजवळची बारीक फट, तपासायची वेळ आली की मजुरीही त्याच हिशेबाने.

मुंबईत हा फरक रोज जाणवतो. दोघींचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, जवळपास सारखा, पण पहिलीचा ८,००० आरपीएमला मिळतो, दुसरीचा १३,००० च्या आसपास. अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये ४,००० वर रांगताना चार सिलिंडरची बाईक मरगळलेली वाटते. वर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा थेट मांड्यांवर. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू तिघांवरही दुचाकींना बंदी, त्यामुळे ती ताकद वापरायला आधी शहराबाहेर पडावं लागतं.

वजन वाचताना ते 'कर्ब' (पेट्रोल, ऑइल भरून) आहे की 'ड्राय' (त्यांच्याशिवाय) हे आधी बघा. १७ लिटर पेट्रोलच साडेबारा किलो भरतं. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर बाईक मागे ढकलत चढवताना हे किलो हाताला कळतात.

कराला मात्र सिलिंडर दिसत नाहीत, फक्त सीसी दिसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. महाराष्ट्रात एकरकमी वाहन कर ९९ सीसीपुढे २९९ पर्यंत ११ टक्के, त्यावर १२. थर्ड पार्टी विम्याचा टप्पाही ३५० सीसीलाच बदलतो, आणि २०२२च्या दरांनुसार तिथे वार्षिक हप्ता १,३६६ वरून २,८०४ रुपयांवर जातो. निन्जा ३०० ची २९६ सीसी या तिन्ही रेषांच्या अलीकडेच राहते.