वड्याचं तेल उकळत नाही

वडापावच्या गाडीवर गर्दी असली की मी दोन पावलं मागे उभा राहून कढईकडे बघत बसतो. पिठात बुडवलेला वडा तेलात पडला की त्याच्याभोवती बुडबुड्यांचा नुसता कल्लोळ उठतो आणि शेजारचा कुणीतरी म्हणतो, तेल काय मस्त उकळतंय! तेल उकळत नसतंच. उकळतं ते पिठातलं पाणी. कढईतलं तेल असतं १८० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पाण्याला वाफ व्हायला १०० पुरतात, त्यामुळे तेलात शिरल्या शिरल्या ते वाफ होऊन बाहेर धावतं. वडे सोडण्याआधी हेच तेल तितकंच तापलेलं होतं, तेव्हा कसं गपगार होतं आठवा.

या एका गाडीवर तीन द्रव आहेत. कढईत तेल, बाजूच्या शेगडीवर चहाचं आधण आणि खाली सिलिंडरमध्ये गॅस. हो, गॅसच, सिलिंडर हलवला की आत डुचमळतो तो द्रव प्रोपेन आणि ब्युटेन. मोकळ्या हवेत प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. दाबून कोंडलेत म्हणून द्रव राहिलेत. म्हणजे एक शून्याच्याही खाली उकळतो, दुसरा शंभरला, आणि तिसरा उकळायचं नावच घेत नाही.

द्रवातले रेणू एकमेकांना धरून असतात. तापवलं की त्यांची धडपड वाढते आणि काही निसटून वाफ होतात. या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की द्रवाच्या पोटात तयार झालेला बुडबुडा चिरडला न जाता टिकतो, वर येतो. तोच उत्कलनबिंदू. (महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं.) यात रेणू फुटत नाही, फक्त रेणूरेणूंमधली पकड सुटते. वाफ म्हणजे सुटा झालेला हायड्रोजन आणि ऑक्सिजन, असं मी आठवीत छातीठोकपणे लिहून आलो होतो. वाफ हेही पाणीच.

तेव्हा प्रश्न उरतो पकडीचा. ब्युटेनची पकड अगदी ढिली. त्याच्या रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकतात, शेजारच्या रेणूतले त्याला साथ देतात, आणि तेवढ्यापुरती थोडी ओढ निर्माण होते. रेणू लांब असेल तर ही ओढ जास्त ठिकाणी लागते. एका कार्बनचा मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो, चार कार्बनचा ब्युटेन शून्याजवळ, आठ कार्बनचा ऑक्टेन १२६ ला. आकारही मोजला जातो: ब्युटेनचेच अणू फांदीसारखे जोडून झालेला आयसोब्युटेन आटोपशीर असतो, शेजाऱ्याला कमी चिकटतो आणि उणे १२ लाच उडून जातो.

मग वाटतं, मोठा रेणू तो उशिरा उकळणार. इथे पाणी सगळा हिशेब मोडतं. ब्युटेनच्या रेणूचं वजन ५८, पाण्याच्या रेणूचं जेमतेम १८. पाण्याचा रासायनिक भाऊबंद हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा, वजनाने ३४. तो उणे ६० ला उकळतो. पाण्याने खरं तर त्याच्याही खाली उकळायला हवं होतं. पण ऑक्सिजन इलेक्ट्रॉनचा फार हावरा. तो ते स्वतःकडे ओढून घेतो, हायड्रोजन उघडे पडतात आणि शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला जाऊन बिलगतात. हा हायड्रोजन बंध. रेणूच्या आतल्या बंधाच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतकाच त्याचा जोर, पण एक रेणू चार-चार शेजाऱ्यांशी असा जोडलेला असतो. ही सगळी सोडवणूक करायला शंभर अंश लागतात.

तेलाकडे असले बंध नाहीत. त्याच्याकडे आहे लांबी. ग्लिसरॉल नावाच्या तीन कार्बनच्या छोट्या कण्याला जोडलेल्या तीन लांबलचक साखळ्या, मिळून पन्नासहून जास्त कार्बन. ओढ तीच, ब्युटेनचीच, पण इतक्या ठिकाणी की सगळीकडून एकदम सुटणं जमतच नाही. तापवत राहिलात तर शेजारी सुटण्याआधी रेणूच फुटतो. २३० अंशांच्या आसपास रिफाइंड तेल धुरकटायला लागतं, डोळ्यांना झोंबणारं अ‍ॅक्रोलिन त्याच मोडतोडीतून येतं.

पकड सोडवायला ऊर्जा लागते, याचा पुरावा गाडीखालीच असतो. मोठ्या शेगडीवर गॅस जोरात चालू असताना सिलिंडरला हात लावून बघा. आतला द्रव भराभर वाफ होतो, त्यासाठीची उष्णता स्वतःकडून आणि पत्र्याकडून घेतो, आणि सिलिंडर गार पडतो. पावसाळ्यात तर त्याच्या खालच्या भागाला चक्क घाम फुटतो आणि आत द्रव कुठवर आहे ते बाहेरून दिसतं.

गाडीवाल्याला यातलं काही सांगावं लागत नाही. तो पाव चिरत, गिऱ्हाइकाशी बोलत असतो, कान मात्र कढईकडे. चरचर मंदावली की पिठातलं पाणी संपत आलं. मान न वळवताच तो झारा उचलतो.