थंड पाण्यातलं पहिलं मिनिट

जानेवारीत गोव्यातल्या मुरगावसमोरच्या ग्रँड आयलंड या बेटाकडे गेलेल्या बोटीवर दुपारी एक दृश्य हमखास दिसतं. डोक्यावर ऊन रणरणत असतं, बोटवाला सावलीचा कोपरा धरून बसलेला असतो आणि दुसरी डायव्ह संपवून शिडीने वर आलेला शिकाऊ पाणबुड्या टॉवेल गुंडाळून कुडकुडत असतो. ओठ निळसर पडलेले, बोटांना सुरकुत्या, बीसीडीचं, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जाकिटाचं, बक्कल काही केल्या निघत नाही. पाण्याचं तापमान विचाराल तर सत्तावीस-अठ्ठावीस अंश. एवढ्याच तापमानाच्या हवेत आपण पणजीत पंखा लावून बसतो.

हवा आणि पाणी यांचा थर्मामीटरवरचा आकडा एक असला तरी अंगाशी वागण्याची रीत वेगळी. हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. तेवढ्याच आकारमानाची हवा आणि पाणी एक अंशाने तापवायचं म्हटलं, तर पाण्याला साडेतीन हजार पट उष्णता द्यावी लागते. ही उष्णता पाणी आपल्या कातडीतून ओढून घेतं. विसाव्याच्या स्थितीत आपलं शरीर जेमतेम १०० वॉट उष्णता निर्माण करतं. उघड्या अंगाने पाण्यात स्वस्थ पडून राहायचं आणि तरी शरीराचं तापमान टिकवायचं, तर पाणी ३३ ते ३५ अंशांचं लागतं. आपला समुद्र मे महिन्यातसुद्धा इतका तापत नाही. म्हणजे गोव्यात प्रत्येक डायव्हमध्ये अंगातली ऊब खर्च होतच असते. इथे ती इतक्या सावकाश जाते की शिकणाऱ्याला त्याचा हिशेब ठेवावा लागत नाही, एवढंच.

पाणी खरंच थंड असेल तेव्हा मात्र सगळं शिक्षण नव्याने करावं लागतं. आणि गोव्याला थंड पाणी अगदीच अपरिचित आहे असंही नाही. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याजवळ खोल अरबी समुद्रातलं गार पाणी तळालगत वर सरकत येतं. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९० च्या दशकापासून कांदोळीसमोर, सुमारे पंचवीस मीटर खोलीच्या पाण्यात, नियमित मोजमापं घेत आली आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तिथल्या तळाचं तापमान वीस-बावीस अंशांच्या आसपास उतरतं. या पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तो जवळजवळ संपतो आणि तळाशी हायड्रोजन सल्फाइड साचतो. याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००० साली ‘नेचर’मध्ये यावर लिहिलं होतं. वरच्या बाजूला पावसाचं आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी झाकण घालून बसलेलं असतं, म्हणून किनाऱ्यावर पाय भिजवणाऱ्याला या गारव्याचा पत्ता लागत नाही. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, मांडवी आणि जुवारीचा गाळ दर्यात पसरलेला असतो, डायव्हिंग बंद असतं. ऑक्टोबरात पुन्हा बोटी सुटतात तोवर हे पाणी माघारी वळू लागलेलं असतं. पोषकद्रव्यं घेऊन येणारं हेच पाणी तारल्या-बांगड्यांचं खाद्य पिकवतं, त्यामुळे आपल्या ताटाशी त्याचा रोजचा संबंध आहे.

हा विषय आता घराघरांत निघू लागला आहे, कारण गोव्यातून पोरं बाहेर जातात. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेली, स्विंडनला स्थिरावलेली कितीतरी कुटुंबं आहेत. मुरगावसमोरच्या पाण्यात ओपन वॉटरचा, म्हणजे डायव्हिंगचा पहिला, कोर्स केलेला मुलगा तिकडून फोन करतो, ‘काका, इथे दगडाच्या खाणीत डायव्हिंग शिकवतात!’ ते खरंच आहे. ब्रिटनमध्ये शिकाऊ लोक बऱ्याचदा पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत उतरतात. लेस्टरशायरमधलं स्टोनी कोव्ह त्यातलं प्रसिद्ध. डिचोली-सांगेच्या बंद खाणींचे खंदक पाहिलेल्या माणसाला ते चित्र सहज डोळ्यांपुढे येईल, फक्त पाणी हिवाळ्यात चार-पाच अंशांचं. गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून थंडीत तेच बुडाशी जाऊन बसतं. उन्हाळ्यात वरचा थर कोमट होतो आणि खाली जाताना एका ठिकाणी एकदम गार पडद्यातून गेल्यासारखं होतं. हा थर्मोक्लाइन.

अशा पाण्यात उतरताना सगळ्यात मोठा धोका पहिल्या मिनिटात असतो, हे मला अगदी ठासून सांगायचं आहे. शरीर गारठून बेशुद्ध पडायला वेळ लागतो. बर्फासारख्या पाण्यातही प्रौढ माणसाच्या शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली यायला अर्धा तास तरी जातो. कातडीला मात्र गारवा त्याच क्षणी कळतो. तिच्यातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंचा एकदम भडिमार होतो आणि माणूस नकळत मोठा आचका देऊन श्वास ओढतो, दोन-तीन लिटर हवा एका दमात. मग धाप लागते, नाडी पळते, रक्तदाब चढतो. याला ‘कोल्ड शॉक’ म्हणतात. साध्या कपड्यांत पाण्यात पडलेल्या माणसांत तो १० ते १५ अंशांच्या पाण्यातच पुरता भडकतो, म्हणजे त्यासाठी बर्फ लागत नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात शिखर गाठतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. त्या अवधीत श्वास रोखून धरण्याची ताकद काही सेकंदांवर येते.

तोंडात रेग्युलेटर (टँकमधली हवा श्वासाला पुरवणारं साधन) असलेल्या डायव्हरने आचका दिला तर आत पाण्याऐवजी हवा जाते, हे त्याचं नशीब. पण धाप लागलेल्या अवस्थेत खाली गेलं की हवा पुरत नाही असं वाटू लागतं. नवशिका घाबरून श्वास रोखतो आणि वर झेपावतो. वर येताना पाण्याचा दाब घटतो, फुप्फुसात कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. डायव्हिंगमधला पहिला नियम, श्वास कधीही रोखू नका, हा थंड पाण्यात सर्वांत आधी मोडला जातो. म्हणून तिकडचे चांगले इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याला आधी चेहऱ्यावर पाणी मारायला लावतात, मग रेग्युलेटर तोंडात ठेवून पृष्ठभागावर नुसतं तरंगत ठेवतात. श्वास लांब आणि संथ झाला, ‘ओके’ची खूण शांत हाताने आली, तरच खाली. त्या एक-दोन मिनिटांत घाई करणारा इन्स्ट्रक्टर मला कधीच पटणार नाही.

यात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. पोर्ट्समथ विद्यापीठातले माइक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काही मिनिटांच्या पाच-सहा थंड डुबक्यांनीही हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो आणि ती सवय बरेच महिने टिकते. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थंड पाण्याच्या वाटेला जाऊ नये. थंडीने हातापायांचं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि अशा माणसांच्या फुप्फुसात बुडालेल्या स्थितीतच पाणी उतरण्याचा धोका वाढतो. रक्त असं मध्यभागी गोळा झालं की शरीराला वाटतं पाणी जास्त झालं. डायव्हनंतर सगळ्यांनाच लघवीची घाई होते ती यामुळे.

आता हुडबद्दल, म्हणजे डोकं-कान झाकणाऱ्या घट्ट टोपीबद्दल. गोव्यात तो कुणी घालत नाही, म्हणून आपल्याकडच्या मुलांना तो फालतू वाटतो. पण थंड पाणी एका कानात आधी आणि दुसऱ्यात नंतर शिरलं, तर आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकेतला द्रव एका बाजूने गार होऊन हलू लागतो. मेंदू समजतो डोकं फिरतंय. भोवताली हिरवट अंधार, वर-खाली कळत नाही आणि सगळं गरगरायला लागतं. कानात गार-गरम पाणी सोडून तोल तपासण्याची पद्धत रॉबर्ट बारानी यांनी याच तत्त्वावर बसवली आणि कानाच्या या भागावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. हुड घट्ट बसला की पाणी कानात हळूहळू झिरपतं आणि हा प्रकार टळतो.

अंगावरच्या सूटचीही गंमत समजून घेण्यासारखी आहे. बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचलं की ऊब टिकवायला कोरडं राहण्याची गरज नाही. ऊब धरतात ते निओप्रीन या सूटच्या रबरातले वायूचे बारीक बुडबुडे. आत शिरलेलं पाणी एका जागी अडकून राहिलं की झालं. वेटसूट ढगळ असेल तर प्रत्येक हालचालीला नवं गार पाणी आत येतं आणि सूट नुसता दिखाऊ राहतो. पण बुडबुड्यांना दाबाचा नियम चुकत नाही. १० मीटरवर दाब दुप्पट, बुडबुडे जवळपास निम्मे. १८ मीटरवर, ओपन वॉटर डायव्हरच्या मर्यादेपाशी, दाब पावणेतीन पटींहून अधिक. म्हणजे जिथे पाणी जास्त गार तिथेच सूट पातळ होतो आणि त्याची तरंगण्याची ताकदही जाते. आपल्याकडच्या ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये हा फरक हाताला लागत नाही. ७ मिलिमीटरचा सूट घालणाऱ्याने वर तरंगू नये म्हणून कमरेला बरंच शिसं बांधलेलं असतं आणि खोल गेल्यावर तेच त्याला खाली ओढतं.

त्यामुळे दहा अंशांच्या खाली बहुतेक जण ड्रायसूट पसंत करतात. त्यात आत लोकरी कपडे, बाहेर जलरोधक कवच, मध्ये हवा. ही हवा खाली जाताना भरावी लागते, वर येताना सोडावी लागते. पाय वर गेले तर ती बुटांत जाऊन बसते आणि माणूस उलटा लटकत वर निघतो. ते वेगळं शिक्षण आहे आणि उथळ पाण्यातच घ्यावं.

रेग्युलेटरकडे मात्र नवशिक्याचं लक्षच जात नाही. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना ती बोटाला गार लागते, तेच इथे जोरात घडतं. टँकमध्ये २०० बार, म्हणजे साध्या हवेच्या सुमारे दोनशे पट, दाबाची हवा, टँकला जोडलेल्या रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यातून (फर्स्ट स्टेज) बाहेर पडते ती भोवतालच्या दाबापेक्षा दहाएक बार जास्त एवढीच. पसरताना ती प्रचंड थंड होते. बोटीवर टँक रिकामा करताना व्हॉल्व्हजवळ हात नेऊन पाहा, आपल्या दमट हवेत धातूवर क्षणात दव धरतं. चार अंशांच्या पाण्यात त्याच जागी बर्फ होतं. झडप उघडी अडकते, हवा धो-धो वाहू लागते, जितकी वाहते तितकी आणखी गार होते आणि टँक काही मिनिटांत रिकामा. युरोपीय मानक ईएन २५० मध्ये म्हणूनच १० अंशांखाली चालणारे रेग्युलेटर वेगळे तपासले जातात. मुरगावला वापरलेला रेग्युलेटर तिकडे नेण्याआधी हे बघा. पाण्याबाहेर, गोठवणाऱ्या हवेत त्यातून श्वास घेऊन पाहू नका. बीसीडी फुगवत असतानाच श्वास ओढू नका. आणि कोर्समध्ये वाहत्या रेग्युलेटरमधून, ओठ न मिटता हवा चोखून घ्यायचा जो सराव करून घेतात, तो आपली मुलं हसत-हसत उरकतात. थंड पाण्यात त्याच्याइतका उपयोगी धडा दुसरा नाही.

हातांचं म्हणाल तर बोटांची कातडी १५ अंशांपर्यंत गारठली की बारीक कामं बिघडतात. बक्कल, झिप, गेज, सगळंच अवघड होतं. म्हणून जाड हातमोजे घालून प्रत्येक बक्कल काढायचा सराव जमिनीवर करायचा असतो.

शरीर थंडीला किती सरावतं? दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो बाया सुती कपड्यांत वर्षभर बुडी मारून शंख-शिंपले काढत. हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या आसपास. १९६० च्या दशकात सुक की हाँग यांनी मोजलं तेव्हा थंडीच्या दिवसांत त्यांचं शरीर विसाव्यातही इतर स्त्रियांपेक्षा जास्त उष्णता निर्माण करत होतं. १९७० च्या दशकात वेटसूट आले आणि काही वर्षांतच ही क्षमता मावळली. ती पिढ्यांनी रक्तात उतरलेली नव्हती, रोजच्या गारठ्याने घडवलेली होती.

डायव्हनंतरच्या तासाबद्दल थोडं. अमेरिकी नौदलाने २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तळाशी ऊबदार आणि वर येताना गारठलेल्या पाणबुड्यांना डीकम्प्रेशनचा आजार, म्हणजे अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन येणारा आजार, कितीतरी जास्त झाला. उलट क्रमात तो फारच कमी. गारठ्यात हातापायांचं रक्त कमी फिरतं आणि तिथे मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वाट राहत नाही. त्या प्रयोगात ‘थंड’ म्हणून वापरलेलं पाणी होतं २७ अंशांचं, म्हणजे आपल्या जानेवारीतल्या समुद्राइतकंच. तेव्हा ग्रँड आयलंडलासुद्धा कुडकुडायला लागलात तर इन्स्ट्रक्टरला खूण करा आणि डायव्ह आवरती घ्या. वर आल्यावर ओला सूट काढून अंग कोरडं करा, वाऱ्यापासून आडोसा घ्या, कोमट गोड चहा प्या. लगेच कढत पाण्याने अंघोळ नको, कातडी एकदम तापली की तिथला वायू बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो. ऊब यावी म्हणून बोटीवर फेणी पुढे करणारा मित्र भेटतोच, त्याला नाही म्हणा. मद्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, क्षणभर गरम वाटतं आणि आतली उरलीसुरली उष्णता बाहेर जाते.