फायबरची बॉडी पुन्हा चेसिसवर बसवताना

कॅनडातल्या विनिपेगमध्ये 1968 साली रे ओलेको यांनी 'बोलर' हा छोटेखानी कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायची, आत मुक्काम करता येणारी खोली, बाजारात आणला. आधी त्यांनी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती. तेच तंत्र इथे कामी आलं. साच्यातून काढलेले वरचा आणि खालचा असे दोन भाग कमरेपाशी जोडले की बॉडी तयार. फायबर गंजत नाही, म्हणून या बॉड्या अजूनही धडधाकट सापडतात. खालची लोखंडी चेसिस मात्र हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंजते आणि जिथे वाकवलेली असते तिथे तडकते. मग बॉडी उचलायची, चेसिस वेल्डिंग करून रंगवायची आणि बॉडी परत बसवायची. कस लागतो तो या शेवटच्या कामात.

बोल्ट कचकचून आवळला की काम पक्कं, असं वाटतं. फायबरच्या बाबतीत तसं नाही. 8 मिमी बोल्टच्या डोक्याखाली जेमतेम 75 चौरस मिमी जागा असते. सगळा दाब तेवढ्याशा जागेवर आला की रेझिन (फायबरमधले काचेचे धागे धरून ठेवणारं प्लास्टिक) चिरडतं आणि भोकापासून केसासारखे बारीक तडे फुटतात. त्याच बोल्टखाली 40 मिमीचा रुंद वॉशर घाला, दाब सुमारे 15 पट मोठ्या जागेवर पसरतो. दहा-वीस रुपयांच्या चकतीने होणारं याहून मोठं काम मला तरी माहीत नाही.

दुसरा शत्रू तापमान. विनिपेगमध्ये हिवाळ्यात पारा उणे 30 अंशांखाली जातो, उन्हाळ्यात 30 च्या वर. 60 अंशांच्या या फरकाने 3 मीटर लांबीचं पोलाद सुमारे 2 मिमी वाढतं. साधं फायबरग्लास त्याच्या जवळपास दुप्पट. दोघांना जखडून टाकलं तर हा फरक भोकांच्या कडांवर निघतो. म्हणून भोक बोल्टपेक्षा किंचित मोठं ठेवतात, मध्ये रबराची पट्टी देतात आणि वाळल्यावरही लवचीक राहणारं पॉलियुरेथेन सीलंट (फटी बुजवायचा लगदा) भरतात. पाणी अडतं ते वेगळंच. बोल्ट ज्या प्लायवूडच्या फळीत बसतो तिच्यात ओल शिरली की ती कुजते, आणि मग बोल्टला धरायला काही उरतच नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: आतली कपाटं छताला आधार देतात. कपाटं काढून बॉडी उचलली, तर छत खचतं आणि बॉडी बाजूंना फाकते. त्यामुळे आतून तात्पुरते टेकू द्यावेत, आणि बोल्ट पक्के करण्याआधी दार लावून बघावं. दार चौकटीत नीट बसत नसेल, तर बॉडीचा आकार बिघडलाय.

रेझिन दाबाखाली सावकाश दबत राहतं. नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सहजी सैल न होणारा) जागचा हलला नाही, तरी बोल्टचा ताण उतरतो. म्हणून पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावावा, हलक्या हाताने.